हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका : खुलासा

‘हार्ड डिस्क टकटक वाजू लागली की पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, डेटा परत मिळतो’ असा मेसेज नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. पारा ४५ कडे गेला की असले उपाय पटतातही लवकर! पण हा उपाय घातक आहे.

जुन्या काही डिस्क गार केल्यावर थोडा वेळ चालल्या, हे खरं. आजच्या डिस्कमध्ये मात्र वाचणारं हेड फिरत्या तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो, तसाच डिस्कलाही सुटू शकतो. आत ओल धरली आणि हेड तबकडीला घासलं, की तिथला डेटा कायमचा गेला. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, तर फिरणारा भागच नसतो. तिथे या उपायाला अर्थच नाही.

टकटक येत असेल तर डिस्क लगेच बंद करा. आवाज नाही, नुसत्या फाइली अडकतायत? विंडोजमधलं चेकडिस्क हे दुरुस्तीचं साधन चालवू नका, दुरुस्ती करताना ते त्याच डिस्कवर बदल करतं. आधी डीडीरेस्क्यू या बिघडत्या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढा आणि शोधाशोध त्या प्रतीवर करा. सीताबर्डीत दुरुस्तीला दिलीत, तर ती कुठे उघडणार ते आधी विचारा. धूळमुक्त व्यवस्था नसेल तर उघडू देऊ नका.