१५ नॉटच्या आकड्याविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आडव्या वाऱ्यात सेसना १७२ हे छोटे विमान उतरवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. विमानाच्या पुस्तिकेतील आडव्या वाऱ्याचा १५ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आकडा ही विमानाची मर्यादा नव्हे, असे लिहून मी शिकाऊ वैमानिकांना नसते धाडस शिकवतो, हा पहिला. झोताच्या, म्हणजे मधूनच अचानक जोर धरणाऱ्या, वाऱ्यात उतरतानाचा वेग सरसकट १५ नॉटनी वाढवावा, हे सोपे सूत्र मी टाळले, हा दुसरा. प्रश्न नवशिक्यांच्या जिवाचा असल्यामुळे माझी असहमती सविस्तर मांडतो.

१५ नॉट म्हणजे चाचणीत प्रत्यक्ष उतरून दाखवलेला आडवा वारा. त्यापुढे विमानाचे नियंत्रण संपते, असे तो आकडा सांगत नाही. तेवढ्या वाऱ्यात कोणीही सुखरूप उतरेल, असेही सांगत नाही. मला भीती या दुसऱ्या गैरसमजाची वाटते, कारण १५ला मर्यादा मानणारा विद्यार्थी १४ ऐकून निर्धास्त होतो. समजा, धावपट्टीची दिशा २९० अंश आहे आणि वारा २४० अंशांवरून १४ नॉट, झोत २४ नॉट आहे. कोन ५० अंशांचा, म्हणून वाऱ्याचा आडवा घटक (धावपट्टीला काटकोनात येणारा भाग) स्थिर वाऱ्यात सुमारे ११ नॉट, पण झोतात १८. चाके टेकण्याच्या क्षणी यांपैकी कोणता वाट्याला येईल, हे कोणाच्याही हाती नसते. त्यामुळे हिशेब झोताचाच धरावा आणि प्रशिक्षकासोबत जेवढ्या वाऱ्यात सराव झाला आहे, तेवढीच आपली मर्यादा मानावी. बारामती किंवा धुळ्याला उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापून हवा उसळू लागली की हे अधिकच खरे ठरते.

वेगाबाबत प्रचलित नियम झोत आणि स्थिर वारा यांतील फरकाच्या निम्मा वेग वाढवण्याचा आहे. वरील उदाहरणात फरक १० नॉटचा, म्हणून वाढ ५ नॉटची, म्हणजे उतरतानाचा वेग नेहमीच्या ६५ऐवजी ७० नॉट. आपल्या सूत्राने वेग ८० होतो आणि विमानाची गतिज ऊर्जा दीडपट होते. असे विमान धावपट्टीवर लांबवर तरंगत राहते, आणि तेवढा वेळ झोतांच्या तावडीत असते. घाईने टेकवले, तर पंखांवर उचल शिल्लक असल्याने चाकांवर भार येत नाही आणि ते सहज बाजूला घसरते. फ्लॅपही (पंखांच्या मागच्या कडेचे, उतरताना खाली करायचे भाग) धावपट्टीच्या लांबीला आवश्यक तेवढेच घ्यावेत, असे पुस्तिका सांगते.

टेकताना वाऱ्याकडचा पंख एलेरॉनने (पंखाच्या टोकाकडील हलत्या पट्टीने) खाली ठेवून, विरुद्ध रडरने (शेपटीच्या उभ्या सुकाणूने) नाक मध्यरेषेशी सरळ धरायचे आणि वाऱ्याकडचे चाक आधी टेकवायचे, यावर आपले एकमत आहे. मात्र टेकल्यावर एलेरॉन सैल सोडण्याची सवय अनेकांना असते, ती घातक आहे. वेग घटतो तसा एलेरॉनचा प्रभावही घटतो, म्हणून तो वाऱ्याकडे वाढवत पूर्ण न्यावा लागतो. अन्यथा वाऱ्याकडचा पंख उचलला जातो आणि शेपटीवर वारा घेऊन नाक वाऱ्याकडे वळते.

आपण विचारता, आकडा मर्यादा नसेल तर थांबायचे कुठे? धावपट्टीकडे उतरत येण्याच्या अंतिम मार्गावर पूर्ण रडर देऊनही नाक मध्यरेषेशी सरळ राहत नसेल, तर त्या वाऱ्यात, त्या धावपट्टीवर उतरणे शक्य नाही, मग टॉवरने सांगितलेला आकडा कितीही असो. तेथेच पूर्ण शक्ती देऊन वर जावे आणि वाऱ्याला सामोरी धावपट्टी असलेले दुसरे विमानतळ गाठावे. तेवढे इंधन टाकीत आहे की नाही, हे उड्डाणापूर्वीच पाहिलेले असावे.