एफसी पास गाडी म्हणे!

एफसीला, म्हणजे गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटच्या तपासणीला, आरटीओत गेलो, तिसऱ्यांदा परत पाठवले बघा गेल्या सोमवारी. सकाळी साडेसहाला गाडी धुवून, पुढच्या काचेला कुंकू लावून, रांगेत जाऊन उभा राहिलो, नंबर यायला साडेबारा वाजले, आणि साहेबांनी चार मिनिटात निकाल लावला. "हँडब्रेक इल्ल. मुंदिन वार बन्नी." म्हणजे हँडब्रेक नाही, पुढच्या आठवड्यात या. झालं. पुढच्या आठवड्यात आणि एकदा सुट्टी टाकायची, भाडं सोडायचं, परत त्या उन्हापावसात उभं राहायचं.

आणि साहेबावर माझा राग नाही हे आधीच सांगतो, नाहीतर लगेच सुरू होतील सगळे चिरीमिरीवर. चढाला गाडी थांबवायला लावली, हँडब्रेक ओढायला लावला, गाडी आरामात मागं सरकायला लागली, मागं एक टेंपो उभा होता, त्याचा ड्रायव्हर ओरडला. साहेबांनी अजून काय करायचं होतं? माझा राग आहे तो "ह्या गाडीला एफसीचं टेन्शनच नाही" म्हणणाऱ्या एकेकावर. गेल्या दिवाळीला गाडी बघायला गेलो तेव्हा विकणारा हेच बोललेला, बरोबर आलेला मेव्हणा हेच बोललेला, चहाच्या गाड्यावर उभा असलेला, ज्याचा काही संबंध नाही तो पण हेच बोललेला. "डोळे झाकून घे रे, हे मॉडेल कध्धी फेल जात नाही." घेतलो. डोळे झाकूनच घेतलो.

गाडी म्हणजे ती आपली चौकोनी व्हॅन, आम्ही डबा म्हणतो तीच. पिवळा बोर्ड, म्हणजे भाड्याची. दहा वर्षं झालेली. म्हणजे दरवर्षी एफसी, कारण पिवळ्या बोर्डाला ८ वर्षांपर्यंत दोन वर्षातून एकदा आणि त्याच्यानंतर दरसाल. घेताना दहा महिन्यांची एफसी शिल्लक होती. मी काय समजलो, सरकारनं तपासून पास केलेली गाडी आहे, दोन महिन्यापूर्वीच सगळं बघितलंय, म्हणजे ब्रेक बरोबर, टायर बरोबर, खालचा पत्रा बरोबर. मेकॅनिकला दाखवायचे पाचशे रुपये वाचवलो. हुशारी बघा माझी.

मग एकदा पंक्चर काढायला गेलो. तो टायरवाला गाडीभोवती एक चक्कर मारला आणि हसायला लागला. "अण्णा, ही गाडी ओळखीची हाय की मला. हिला मीच टायर दिलेलो दोन दिवस." कसले दोन दिवस? तर एफसीचे दोन दिवस! चार टायर भाड्यानं, एफसी झाली की परत काढून घ्यायचे आणि जुने टकले टायर चढवायचे. फर्स्ट एड बॉक्स पण तसाच, आग विझवायचा सिलिंडर पण तसाच, एकच सिलिंडर वर्षभरात किती गाड्यांतून फिरून येतो त्याचं त्याला माहीत. म्हणजे जी गाडी पास झाली ती गाडी मी घेतलोच नाही! ती दोन दिवस होती, परत गेली. मला मिळाला तो कागद, आणि कागदाखाली जे काय उरलं ते.

बरं, आता ह्या मॉडेलचं ऐका. माझ्या दोस्ताकडे सेम गाडी, सेम साल, बेळगावात वडगावला असतो, शाळेच्या पोरांना सोडतो आणि आणतो, दरवर्षी पहिल्या फेरीत पास. माझी तीनदा फेल. पहिल्यांदा हेडलाईट आणि टायर. हेडलाईटच्या आतली चांदी काळी पडलेली, बल्ब कितीही नवीन घाला, उजेड समोर जातच नाही, आणि फोकस एक आकाशात एक गटारीत. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या वर पाहिजे, माझ्या मागच्या दोघांना नक्षी कुठली, नुसती चकचकीत फरशी. चार टायर नवीन घातलो, साडेबारा हजार. दुसऱ्यांदा साहेबांनी मॅट उचलायला लावले. मॅटखाली पत्राच नाही. म्हणजे होता, पण त्यातनं रस्ता दिसत होता. ड्रायव्हर सीटच्या मागं हात जाईल एवढं भोक, त्याच्यावर कुणीतरी जुना फ्लेक्स कापून घातलेला, त्याच्यावर मॅट, आणि त्याच्यावर वर्षभर पॅसेंजर बसवत होतो मी. बाळंतिणीला घेऊन आलोय ह्या गाडीतनं दवाखान्यातनं. अंगावर काटा येतो.

वेल्डिंगवाल्यानं खालनं बघून एका मिनिटात सांगितलं, "ही गाडी जांबोटी कणकुंबी लाईनला फिरलेली हाय." बरोबर निघालं, पहिला मालक त्याच बाजूचा. तिकडचा पाऊस माहीत आहे की सगळ्यांना, मलप्रभा उगीच तिथनं निघत नाही. लाल चिखल पत्र्याच्या सांध्यात जाऊन बसतो, पाणी खाली जायची भोकं बुजतात, पाणी आत मुरत राहतं, आणि पत्रा आतनं कुजतो, वरनं रंग नवीन. हँडब्रेकची केबल पण तशीच, आत गंज धरून जाम, ओढला तर लिव्हर वर येतो, मागच्या ड्रमपर्यंत ओढ पोचतच नाही. मग मॉडेल काय करणार सांगा? दोस्ताची वडगावच्या गल्लीत फिरली, माझी चोर्ला घाटाच्या धुक्यात. एकाच कारखान्यातनं आलेल्या दोन गाड्या, एक पास, एक भंगार, आणि लोक अजून मॉडेलचं नाव घेऊन छाती ठोकतात.

आणि मॉडेलचं नाव घेणाऱ्या ह्या लोकांना माहीत कुठनं असतं तेही सांगतो. माझा भाचा इंग्लंडला असतो, त्याला रागारागात फोन केलो. तिथं गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी म्हणून तपासणी, आणि गाडीचा नंबर टाकला की कुणालाही फुकटात दिसतं, कुठल्या साली पास, कुठल्या साली फेल, कशामुळे फेल, तेव्हा किती मैल झालेले, आणि पास झाली तरी "हे हे लवकरच जाणार आहे" अशी सूचना पण. जर्मनीत तर म्हणे टूफ नावाचे तपासणीवाले दरवर्षी मॉडेलवार यादीच काढतात, कुठली गाडी किती टक्के नापास. तिथला माणूस "हे मॉडेल फेल जात नाही" म्हणला तर त्याच्या हातात आकडा असतो. आपल्याकडे ॲपवर नंबर टाका, एफसी ह्या तारखेपर्यंत, बस. त्याच्या आधी तीनदा फेल झालेली का, कशामुळे झालेली, हे विकत घेणाऱ्याला दिसतच नाही. मग काय, मेव्हण्याचं तोंड हाच रिपोर्ट.

पांढऱ्या बोर्डाचं, म्हणजे घरच्या गाड्यांचं, तर विचारूच नका. १५ वर्षं कुणी बघत नाही! आरसीची, म्हणजे रजिस्ट्रेशनची मुदत संपली की तेव्हा एकदा तपासणी, मग ५ वर्षांनी. आमच्या गल्लीत एकाची कार आहे, ब्रेक मारला की अख्ख्या गल्लीला कळतं, एक इंडिकेटर दोन वर्षं झाली लागत नाही, आणि हाच मला काल सांगतो, "तुमच्या गाडीत काहीतरी फॉल्ट असणार, माझी बघा कधी एफसीत अडकली नाही." अरे बाबा, तुझी एफसीला गेलीच कुठं!

आता पाच दिवस राहिलेत मुदत संपायला. त्याच्यानंतर दिवसाला ५० रुपये दंड चालू, तो परवडला एकवेळ, पण एफसी नसताना पिवळ्या बोर्डाची गाडी रस्त्यावर काढायची म्हणजे कायद्यानं तिचं रजिस्ट्रेशनच नाही असं धरतात, वाटेत काही झालं तर इन्शुरन्सवाला आधी तोच कागद मागणार. आणि गणपती तोंडावर. मुंबई पुण्याची माणसं स्टेशनवर उतरणार, खानापूरला, चंदगडला, गावागावात सोडायची भाडी, वर्षाची कमाई ह्या दहा दिवसांत, आणि माझी गाडी दारात उभी. केबल नवीन मागवलीय, ब्रेक शू पण बदलायला सांगितलोय, मेकॅनिक म्हणतो उद्या देतो, हा उद्या गेल्या सोमवारचा आहे.

टायरवाल्याला कळलंय. काल स्वतःहून म्हणला, "अण्णा, हँडब्रेकचं पण बघता येतं, एक माणूस हाय." शिव्या घातलो त्याला. नंतर रात्री झोप लागेना तेव्हा त्याचा नंबर सेव्ह आहे का बघितलो, ते पण खरं.

वैतागून परवा गाडी विकायला काढली म्हणून दोघातिघांना सांगितलेलो. आज दुपारी एकाचा फोन आला, गडहिंग्लजचा. एफसीला तिकडं पासिंग म्हणतात. किलोमीटर विचारला नाही, इंजिन विचारला नाही, किंमत पण नंतर. पहिला प्रश्न, "पासिंग कधीपर्यंत आहे?" मी म्हणलो, पासिंगचं राहू दे, तुम्ही एक मेकॅनिक घेऊन या, मॅट उचलून खालचा पत्रा बघा, वेल्डिंग केलेलं दाखवतो, मग बोलू. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणला, "म्हणजे गाडीत काहीतरी प्रॉब्लेम आहे," आणि फोन ठेवला.