एका पेगने म्हणे बारीक नसा मोकळ्या होतात!

"रोज रात्री एक पेग घ्या, बारीक नसा मोकळ्या होतात, रक्त पातळ राहतं, अंगात ऊब येते, हार्ट अटॅक फिरकत नाही, फ्रान्सचे लोक उगाच ठणठणीत नसतात" असा मेसेज सध्या फॅमिली ग्रुप, सोसायटी ग्रुप सगळीकडे फिरतोय. पाठवणारे बहुतेक साठीतले काका आणि खाली चिअर्सचे इमोजी टाकणारे त्यांचेच मित्र. काकांना ग्रुपवर उलटून बोलणं बरं दिसत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी त्यातलं खरं काय ते सांगतो, कारण मेसेज अगदीच हवेतला नाहीये. दारू पोटात गेली की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या खरंच रुंदावतात, तोंड लाल होतं, कान गरम होतात, बीपी थोडं उतरतं. पण मेसेज लिहिणारा इथेच झोपी गेलाय. एका बैठकीत 30 ग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं तर साधारण बारा तास बीपी खाली राहतं आणि तेराव्या तासानंतर नेहमीपेक्षा वर चढतं, नाडी तर सगळा वेळ जोरातच असते. म्हणजे रात्री नऊला ग्लास रिकामा केलात तर बिल सकाळी दहाला येणार, आणि तेव्हा तुम्ही ऑफिसात नाहीतर बँकेच्या रांगेत. रोज प्यायलात की रोज सकाळी तेच. आणि चढलेल्या बीपीचा मार सगळ्यात जास्त कोण खातं, तर डोळे, किडनी आणि मेंदूतल्या याच बारीक नसा, ज्या मोकळ्या करायला आपण निघालो होतो.

आता "आम्ही कुठे 30 ग्रॅम घेतो" म्हणणाऱ्यांसाठी. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर 42.8 टक्के छापलेलं असतं, वाचा एकदा. 30 मिलीच्या स्मॉलमध्ये अंदाजे 10 ग्रॅम अल्कोहोल, लार्जमध्ये 20 आणि क्वार्टरमध्ये 60. स्ट्राँग बियरची 650 मिलीची बाटली 8 टक्क्यांची असेल तर तीसुद्धा 40 ग्रॅमच्या आसपास जाते, "मी फक्त बियर घेतो" वाल्यांनी हे बघावं. आणि घरी माप लावून ओततो कोण, दोन बोटं म्हणत म्हणत स्टीलच्या ग्लासात किती जातं ते ओतणाऱ्यालाही माहीत नसतं.

बारीक नसांचंच बोलायचं तर ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या संशोधकांनी 1781 मृत व्यक्तींचे मेंदू तपासले, सरासरी वय 75, आणि 2025 मध्ये ते छापून आलं. ते शोधत होते मेंदूतल्या छोट्या धमन्यांच्या भिंती जाड, कडक आणि मायक्रोस्कोपखाली काचेसारख्या चकचकीत झाल्यात का, कारण भिंत जाड झाली की आतली पोकळी अरुंद होते आणि रक्त पुढे पोचत नाही. आठवड्याला आठ किंवा जास्त ड्रिंक घेणाऱ्यांमध्ये हा बिघाड सापडण्याची शक्यता कधीच न पिणाऱ्यांच्या तुलनेत 133 टक्के जास्त निघाली, त्याहून कमी पिणाऱ्यांमध्ये 60 टक्के जास्त. त्यांचं एक ड्रिंक 14 ग्रॅमचं, म्हणजे आठ ड्रिंक म्हणजे आपले साडेपाच लार्ज, आठवडाभरात हं, शनिवारी रात्रीत नाही. हा अभ्यास संबंध दाखवतो, दारूमुळेच झालं हे सिद्ध करत नाही, हे मान्य. पण "मोकळ्या होतात" याच्या बाजूने तर तो नक्कीच नाही.

रक्त पातळ होतं हा मुद्दा अर्धा खरा आहे, प्लेटलेट थोड्या कमी चिकटतात. पण बीपीवाल्या माणसाच्या मेंदूत आधीच कमजोर झालेली बारीक नस असेल तर पातळ रक्त ही चांगली बातमी कशी काय? तिथे भीती नस फुटण्याची असते.

फ्रान्सचं प्रकरण जुनं आहे. फ्रेंच लोक वाइन पितात म्हणून त्यांना हार्ट अटॅक कमी, हे 1991 ला अमेरिकन टीव्हीवर गाजलं, 1992 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात पेपर आला आणि रेड वाइन औषध झाली. त्यातल्या रेस्व्हेराट्रॉल नावाच्या घटकाचं फार कौतुक, पण लिटरभर वाइनमध्ये ते असतं काही मिलिग्रॅम आणि प्रयोगात देतात शेकड्यांनी, तेवढं वाइनमधून मिळवायला गेलात तर त्याआधी लिव्हर हात जोडेल. याच विषयावर ढीगभर पेपर लिहिणाऱ्या कनेक्टिकट युनिव्हर्सिटीच्या दीपक दास यांच्यावर 2012 मध्ये डेटा बनावट केल्याचा ठपका आला, तोही 145 ठिकाणी. आणि खुद्द फ्रान्समध्ये 2015 साली दारूमुळे सुमारे 41,000 लोक गेले. तिथलं सरकारी आरोग्य खातंच सांगतं, दिवसाला जास्तीत जास्त दोन ग्लास आणि रोज तर नाहीच. म्हणजे "रोज एक" हा सल्ला फ्रेंचांनाही मंजूर नाही!

मग "थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी" असं इतक्या अभ्यासांत यायचं कसं? ब्रिटनमध्ये शेपर नावाच्या संशोधकांनी 1988 मध्येच बोट ठेवलं होतं, की न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे सोडलेले लोकही मोजले जातात, मग तो गट आजारी दिसणारच ना. याचा खरा निकाल चीनमध्ये लागला. तिथे बऱ्याच लोकांना जन्मतः असा जीन असतो की दारू पचत नाही, घोट घेतला की तोंड लालबुंद, मळमळ, त्यामुळे ते आपोआप कमी पितात. हा जीन कोणाला मिळणार हे नशिबावर, त्यात पगार, व्यायाम, जुना आजार यांचा संबंध नाही. पाच लाखांवर लोकांच्या अभ्यासात (लॅन्सेट, 2019) लोकांनी सांगितलेल्या पिण्यावरून हिशोब केला तर थोडी पिणारे फायद्यात दिसले, आणि जीनवरून केला तर तो फायदा गायब. जितकी दारू जास्त तितका स्ट्रोक जास्त, आठवड्याला 280 ग्रॅममागे मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका 58 टक्क्यांनी जास्त. हार्ट अटॅकबाबत स्पष्ट फायदाही नाही आणि तोटाही नाही. मला यातला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे बायका. तिथे बायका जवळपास पीतच नाहीत, आणि त्यांच्यात त्याच जीनने स्ट्रोकमध्ये काही फरक पडला नाही. म्हणजे दोष जीनचा नव्हता, ग्लासातल्या मालाचा होता.

ऊब येते म्हणाल तर ती कातडीवरची. आतली उष्णता त्वचेकडे येते आणि बाहेर निघून जाते, त्यात थंडीने जे कुडकुडायचं तेही कमी होतं, त्यामुळे बर्फात ब्रँडी घेणारा गरम वाटता वाटता गार पडत असतो. आपल्याकडे तर सर्दी झाली की तान्ह्या बाळाला चमचाभर ब्रँडी चाटवतात, आज्या अजून सांगतात. प्लीज नको. लहान मुलांमध्ये थोड्या दारूनेही रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. डायबिटीसवाल्या काकांनाही, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील आणि उपाशीपोटी पेग घेतला तर, हीच भीती.

कमी केल्याने काय होतं तेही मोजलेलं आहे. दिवसाला सहा किंवा जास्त ड्रिंक घेणाऱ्यांनी निम्म्यावर आणलं तर वरचं बीपी सरासरी साडेपाच पॉइंटने उतरलं. फक्त रोज क्वार्टर-दोन क्वार्टर घेणाऱ्या कोणी हे वाचून उद्यापासून एका झटक्यात बंद करू नका. एकदम सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, अगदी फिट येण्यापर्यंत जाऊ शकतं, तेव्हा आधी डॉक्टरला खरा आकडा सांगा, ग्रुपवर सांगता तो नाही.