माईक पाहावा घेऊन

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं ज्यानं म्हणून ठेवलंय त्यानं दहा हजारांत घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला निघालेला माणूस पाहिलेला नसावा. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात गाणी लिहून, चाली लावून पेटीवर म्हणतो. मोबाइलवर टिपलेली ती गाणी ऐकून कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. पण आवाज जरा नीट टिपावा असं मनात आलं, आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मनातलं मनात राहत नाही.

पहिला सल्लागार भाचा. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे सध्या यूट्यूबवर असतो. "मामा, डोळे झाकून कंडेन्सर माईक घ्या. विषय हार्ड!" त्याच्या मोबाइलवर जांभळ्या उजेडात बसलेला एक पोरगा घोगऱ्या आवाजात माईकचं कौतुक करत होता. त्याच्या मागची भिंत जाडजूड फोमनं मढवलेली होती. माझ्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर आहे.

दुसरे सल्लागार राजारामपुरीतले एक दुकानदार. यांचं सगळं आयुष्य मिरवणुकीच्या डॉल्बीत गेलेलं.

"किती टॉप, किती बेस?"

"नाही, घरात गाणं रेकॉर्ड करायचंय."

"घरात व्हय? मग दोन टॉप, एक बेस बास झाला."

माईकच हवाय हे पटल्यावर त्यांनी कपाटातून एक जाळीच्या टोपीचा डायनॅमिक माईक काढला, त्यात फुंकर मारली, "हॅलो, चेक" म्हणाले आणि तोच माईक काउंटरवर दोनदा आपटला. "हाय असा हाय. खिळा ठोका ह्यानं." मला खिळा ठोकायचा नव्हता. भाच्यानं माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

त्यानं मित्राकडून एक कंडेन्सर आणला. या जातीच्या माईकला वीज पाजावी लागते. इंटरफेस नावाची जी डबी माईक आणि कॉम्प्युटरच्या मधे बसते, तिच्यावर अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण असतं. ते दाबलं, लाल दिवा लागला, मी अंतरा म्हटला आणि हेडफोन कानाला लावला. आवाज काय सुरेख! जिभेची हालचाल, पेटीच्या भात्याचा उसासा, सगळं. शिवाय कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्यांची मालिका, कट्ट्यावर फुटबॉलच्या ऑफसाइडवरून पेटलेला वाद आणि रिव्हर्स घेणारा टेम्पो. या सगळ्याच्या खाली, माझ्या 'श्रावण' या शब्दावर मी घेतलेल्या हरकतीत, तिसऱ्या खोलीतून आईनं बायकोला हळूच विचारलेलं, "पोटात दुखतंय काय गं त्येच्या?" शब्दन् शब्द स्पष्ट. बायको हसलेली तीही स्टिरिओत नसली तरी ऐकू आली.

भाचा खूश. "बघा मामा, डिटेल!"

डिटेलचं कारण असं, की कंडेन्सरचा पडदा अगदी पातळ आणि हलका असतो, जरा हवा हलली की तो थरथरतो. डायनॅमिकमध्ये त्या पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकात हलतं. वजन आलं की आळस येतो. त्यामुळे तो लांबच्या बारीकसारीक आवाजांना दाद देत नाही, तोंडाजवळ धरला तरच ऐकतो. आमच्या घराला असाच जरा कमी ऐकणारा हवा होता.

भाचा सहजासहजी हरणारा नव्हे. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावू म्हणाला. ट्रेनं बाहेरचा आवाज अडत नाही, त्याला वस्तुमान लागतं, हे मी सांगायच्या आधीच आईनं श्रावणात अंड्याचं काहीही उंबऱ्याच्या आत येणार नाही असं जाहीर केलं. मग तो 'चांगल्या गिअरशिवाय, म्हणजे सामानाशिवाय, चांगलं गाणं नाही' यावर आला. मी त्याला सांगितलं, अरे, याच कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गात होते, त्यांची एकही ध्वनिमुद्रिका बाजारात मिळत नाही. आणि त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. भाच्यानं क्षणभर विचार केला. "त्यांनी कंडेन्सरच वापरला असणार."

यूएसबी माईक घेतला तर डबीच लागत नाही, थेट लॅपटॉपला जोडायचा. स्वस्त आणि सुटसुटीत, पण पुढेमागे बदलायचा तर सगळाच बदलायचा. म्हणून साधी, एका माईकची डबी घेतली. पेटी आणि गळ्याला दोन माईक हवेत हा आग्रह मी सोडला. आधी पेटी रेकॉर्ड करायची, मग ती हेडफोनवर ऐकत गायचं. हेडफोन मात्र कान पूर्ण झाकणारा हवा, नाहीतर त्यातली पेटी परत माईकमध्ये शिरते. आणि डबीवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असेल असं बघावं. ते नसलं तर आपलाच सूर लॅपटॉपला वळसा घालून उशिरा कानात येतो आणि चांगला गाणाराही लयीत अडखळतो. मग माझं काय! सॉफ्टवेअरला पैसे घातले नाहीत. ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, पण ते शिकायलाच ६० दिवस लागतील असं दिसतं.

माईक शेवटी राजारामपुरीतूनच आणला, आपटलेला तोच. दुकानदारांनी वायर गुंडाळून देताना विचारलं, "बेस खरंच नको?"

जागा ठरवायला मात्र पैसे लागले नाहीत. हा माईक पाठीमागचं फारसं ऐकत नाही, म्हणून त्याची पाठ खिडकीतल्या ऑफसाइडकडे. माझ्या पाठीशी बायकोच्या साड्यांचं उघडं कपाट, दारावर वाकळ टाकलेली, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. राहता राहिला 'प' आणि 'भ'. माझ्या गाण्यात पाऊस फार, आणि प्रत्येक 'पा'ला माईकवर तोफ डागल्यासारखं होई. बायकोनं भरतकामाच्या रिंगवर जुनी झिरझिरीत ओढणी ताणून दिली. ती मधे धरली आणि पाऊस रीतसर पडू लागला.

"किती वाचले?" तिनं विचारलं.

"पाचशे तरी."

"मग ते साड्यांना फॉल लावायला द्या. आणि साडेसातला कपाट मोकळं करा, मला आवरायचंय."