चिखल लावला की कळत नाही

गेले अडीच महिने मी रणगाड्याचं मॉडेल बांधतोय. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर, १/३५ स्केल, म्हणजे खरा तोफेसकट साधारण साडेआठ मीटरचा, तो माझ्या टेबलावर २४ सेंटीमीटरचा. एवढुसा आहे म्हणजे कामही एवढुसंच असणार, असा माझाही समज होता.

सुरुवातीच्या टायगरला एका बाजूला ८ अ‍ॅक्सल, प्रत्येकावर ३ चाकं, तीही एकमेकांत घुसवलेली, दोन्हीकडची मिळून ४८. रशियात म्हणे या चाकांच्या फटीत चिखल अडकून रात्रीत गोठायचा आणि सकाळी गाडी जागची हलायची नाही. माझीही दोन आठवडे हलली नाही कारण मी एकेका चाकाची कड पॉलिश पेपरने घासत बसलो होतो आणि सगळी बसवल्यावर कळलं की आतली बरीचशी चाकं दिसतच नाहीत. बायको म्हणाली, "मग घासलीस कशाला?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पुढे पट्टे. एका पट्ट्यात ९६ कड्या. डावीकडे बरोब्बर ९६ लागल्या, उजवीकडे ९५ मधेच काम भागलं. कसं ते विचारू नका, चिखल लावला की कळत नाही.

मग एक हूक. तांदळाच्या कणीएवढा. चिमट्यातून टिक् करून उडाला तो गेलाच. तासभर टॉर्च घेऊन फरशीवर रांगलो, टेबलाखालून तीन जुने हरवलेले पार्ट मिळाले, हा सोडून.

रंग मात्र झकास बसला. तिथेच थांबायला पाहिजे होतं, पण चकाचक रणगाडा ठेवला तर लोक खेळणं म्हणतात, म्हणून वेदरिंग, म्हणजे तो मळलेला, वापरलेला दिसेल असं करणं! आधी ग्लॉस वार्निश मारायचं असतं म्हणजे वॉश (पातळ केलेला गडद रंग) फक्त खाचांमधे उतरतो. मी कंटाळा केला. मॅट रंगावर तो वॉश असा पसरला की टायगर ओल धरलेल्या भिंतीसारखा दिसायला लागला. ते झाकायला हेअरस्प्रेची युक्ती. खाली गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे (बायकोचा, न विचारता), त्यावर वरचा रंग, मग ओल्या ब्रशने हळूच घासलं की रंगाचे टवके निघतात. हळूच. माझ्या हातून अख्खी बाजू निघाली. खरं तर सायलेन्सर सोडला तर युद्धातल्या रणगाड्याला गंजायला वेळच कुठे मिळायचा, त्याआधीच उडायचा बिचारा. माझा समुद्राच्या तळातून काढल्यासारखा दिसत होता.

आम्हा मॉडेलवाल्यांत यावर एक पळवाट आहे, बिघडला की म्हणायचं, हा निकामी होऊन सोडून दिलेला आहे. मग पिग्मेंट (रंगाची पूड) कालवून चिखल थापला. चाकांवर, ९५ कड्यांवर, त्या डागांवर, हुकाच्या मोकळ्या जागेवर तर जरा जास्तच. आणि खरं सांगतो, भारी दिसला! बायकोने पण सगळ्या बाजूंनी बघितला, छान म्हणाली, आणि मग "धुणार कधी?"

रात्री झोपताना चपला काढल्या तर टाचेखाली काहीतरी टोचलं. हूक.

उठलो, लाइट लावला आणि चिखल खरवडायला बसलो.