न पोहोचलेल्या शेअरांचा आकडा

मुंबई-पुण्यातल्या माझ्या गुंतवणूकदार मित्रांची एक मागणी असते : कोणत्या कंपनीचे किती शेअर ठरल्या दिवशी खरेदीदाराकडे पोहोचले नाहीत याची यादी अमेरिकेत सरकारी नियामकच जाहीर करतो, तर मग भारताचा बाजार-नियामक सेबीने ती का देऊ नये? मागणी मला रास्त वाटते. मात्र तिच्या समर्थनासाठी अमेरिकी आकड्यांचे जे तक्ते माझ्याकडे येतात, ते बहुतेक वेळा चुकीचे वाचलेले असतात, आणि चुकीच्या वाचनावर उभी राहिलेली मागणी नियामकाला सहज फेटाळता येते.

अमेरिकेचा नियामक एसईसी ही यादी महिन्यातून दोनदा प्रसिद्ध करतो. सौदापूर्तीची (म्हणजे शेअर आणि पैसे प्रत्यक्ष हस्तांतरित होण्याची) तारीख, कंपनी, शेअरांची संख्या आणि आदल्या दिवसाचा बंद भाव एवढाच तिचा मुख्य मजकूर असतो. यातली संख्या त्या दिवशीच्या नव्या तुटीची, म्हणजे त्या दिवशी नव्याने न पोहोचलेल्या शेअरांची, नसते. आधीची थकबाकी, अधिक त्या दिवशीची नवी तूट, वजा त्या दिवशी भरून निघालेली तूट, अशी ती निव्वळ शिल्लक असते. समजा, एका कंपनीपुढे सोमवारी 50 हजार, मंगळवारी 60 हजार आणि बुधवारीही 60 हजार असा आकडा आहे. त्यांची बेरीज करून 1 लाख 70 हजार शेअर गायब झाले असे म्हणणे म्हणजे कर्जखात्यावरची रोजची बाकी मिळवून तेवढे कर्ज काढले असे म्हणणे आहे. बुधवारचे 60 हजार मंगळवारचेच आहेत, की जुने सगळे फिटून नवे उभे राहिले आहेत, हेही यादीतून कळत नाही. एसईसीने स्वतःच तशी सूचना दिलेली आहे. जानेवारी 2021 मध्ये गेमस्टॉप या अमेरिकी कंपनीच्या शेअरचा भाव अचानक भडकला, त्या प्रकरणानंतर या आकड्यांकडे नेकेड शॉर्ट सेलिंगचा (शेअर जवळ नसताना आणि उसनेही न घेता विकण्याचा) पुरावा म्हणून बोट दाखवले जाऊ लागले, पण स्वतःच्या मालकीचे शेअर विकणाऱ्याकडून डिलिव्हरीस उशीर झाला तरी ती तूट याच आकड्यात येते, आणि मार्केट मेकरांना (सतत खरेदी-विक्रीचे भाव देऊन बाजार चालता ठेवणाऱ्या संस्थांना) ती भरून काढण्यासाठी नियमानेच थोडी अधिक मुदत मिळते.

न्यू जर्सीत राहून इथल्या ब्रोकरमार्फत शेअर घेताना मला जाणवते ते असे की, क्लिअरिंगच्या, म्हणजे ब्रोकरांमधल्या देण्याघेण्याच्या हिशेबाच्या, पातळीवर तूट असली तरी सामान्य ग्राहकाच्या खात्यात शेअर दिसतातच, त्यामुळे त्याला तिचा पत्ताही लागत नाही. भारतात खरेदीदाराला ती थेट कळते. संध्याकाळपर्यंत परत घेऊ या हिशेबाने कोणी सकाळी शेअर विकतो, शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या भाववाढीच्या कमाल मर्यादेला, लागतो, विक्रेत्याला तो मिळत नाही आणि खरेदीदाराच्या डिमॅटमध्ये काहीच येत नाही. मग ते शेअर दुसऱ्या कोणाकडून मिळवण्यासाठी एक्स्चेंज ऑक्शन (लिलाव) घेते. त्यातही शेअर न मिळाल्यास सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनपर्यंतचा सर्वोच्च भाव, किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावापेक्षा 20 टक्के जास्त, यांपैकी जो अधिक असेल त्याने क्लोज-आउट होऊन, म्हणजे सौदा पैशांत मिटवून, खरेदीदाराला पैसे मिळतात. ज्याला तो शेअर वर्षानुवर्षे सांभाळायचा होता त्याची नाराजी मी समजू शकतो, तरीही ही व्यवस्था मला अमेरिकेपेक्षा सरस वाटते, कारण तूट लांबत नाही आणि तिची किंमत विक्रेत्याला मोजावी लागते. एका दिवसाची सौदापूर्तीही भारताने जानेवारी 2023 मध्ये पूर्णपणे लागू केली. अमेरिका तिथे 28 मे 2024 रोजी पोहोचली.

उणीव आहे ती माहितीची. एनएसईवर रोज दिसणारी डिलिव्हरीची टक्केवारी अनेकजण याच प्रश्नाचे उत्तर समजतात, पण उलाढालीपैकी किती शेअर डिलिव्हरीसाठी होते एवढेच ती सांगते. सेबीच्या मासिक पत्रिकेत शॉर्ट डिलिव्हरीचे प्रमाण असते, पण ते संपूर्ण बाजाराचे. म्हणून अमेरिकी यादीची नक्कल न मागता प्रत्येक कंपनीसाठी तीन वेगळे आकडे मागावेत : त्या दिवशीच्या सौदापूर्तीत नव्याने पडलेली तूट, ऑक्शनमधून मिळालेले शेअर आणि पैशांत मिटवलेले शेअर. ऑक्शनमुळे भारतात प्रत्येक तुटीचा निकाल लगेच लागत असल्याने, कोणती तूट किती जुनी आहे हे अमेरिकी यादीत न सापडणारे उत्तरही त्यातून मिळेल.