न्यूअर्कच्या 9 पेन्सच्या नाण्याबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. 'शंकरपाळ्यासारखं वाकडंतिकडं कापलंय, एका बाजूला पिवळट डाग आहे, शिवाय इंग्लंडात 9 पेन्सचं नाणं कधी नव्हतंच. शुद्ध फसवणूक. आता सोनाराकडे घासून बघतो,' असं तुम्ही लिहिलंय. आधी हात जोडून विनंती: घासू नका. चिंच, रिठा, पावडर, काहीही लावू नका.

9 पेन्सचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिथल्या रोजच्या चलनात ते नव्हतं. पण हे रोजचं नाणं नाहीच. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध चालू होतं. 1645-46 च्या हिवाळ्यात ट्रेंट नदीकाठचं न्यूअर्क हे गाव पहिल्या चार्ल्स राजाच्या बाजूनं उभं होतं आणि पार्लमेंटच्या व स्कॉटिश फौजांनी त्याला वेढा घातला होता. शिबंदीचा पगार थकून चालणार नव्हतं आणि लंडनची टाकसाळ तर पार्लमेंटच्या हातात. मग चांदीची ताटं-भांडी कापून 30, 12, 9 आणि 6 पेन्सची नाणी पाडली. गोल तुकडे कापले की मधे कातरण उरतं, शंकरपाळे कापले तर फारसं काही वाया जात नाही. घरी लाटलेल्या पोळीवर कातणं फिरताना आपण हेच बघतो.

आता तो डाग भिंगाखाली धरा. नाण्यावर कोरलेल्या मुकुटाच्या कडेला दिसतो तो मूळ भांड्यावरचा सोन्याचा मुलामा आहे. न्यूअर्कच्या आणखीही काही नाण्यांवर तो टिकलाय. म्हणजे कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावरची वस्तू तुमच्या तळहातावर आहे. सोनारानं एकदा घासलं की तो गेलाच. मागच्या बाजूला गावाच्या नावाच्या वर 'ओबीएस' (OBS) आहे, ते लॅटिन 'वेढ्यातलं' याचं संक्षिप्त रूप. मे 1646 मध्ये राजाच्याच हुकमावरून गाव शरण गेलं.

चूक आमची झाली ती वेगळी. एवढ्या किमतीच्या नाण्यासोबत आम्ही जी चिठ्ठी दिली तिच्यावर फक्त 'इंग्लंड, चांदी, 1646' होतं. यातलं एक अक्षर तुम्हाला सांगितलं नाही, मग संशय येणारच. मनापासून माफी मागतो. आता प्रत्येक पाकिटात पूर्ण माहिती टाकतोय.

तरीही नाणं नको असेल तर जसं नेलंत तसं घेऊन या, सगळे पैसे परत देईन. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी मी स्वतः काउंटरवर असतो.